कळमनुरीहून मिरामारला: भाचीसाठी मामाचे कानमंत्र

ताई, गोव्यात मिरामारला होणाऱ्या ट्रायथलॉनमध्ये उतरायचं ठरवलंस, बरं केलंस. घाबरायच्या आधी वही घे आणि हिशेब मांड. समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं मिळून साडेआठ तास. त्यातही पाण्यातून बाहेर यायला एक तास दहा मिनिटं, आणि सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत सायकल परत जागेवर लागलेली पाहिजे. आता बघ. शंभर मीटरला तीन मिनिटं लावत रमतगमत पोहलीस, तरी ५७ मिनिटांत बाहेर येशील. कपडे-बूट बदलायला आठ मिनिटं धर. ताशी साडेबावीस किलोमीटरनं सायकलीचे चार तास. पुन्हा बूट बदलायला पाच मिनिटं. मग किलोमीटरला आठ मिनिटं, म्हणजे मधे मधे चालत धावलीस, तर दोन तास एकोणपन्नास मिनिटं. बेरीज आठ तासांच्या आत येते. वर अर्धा तास शिल्लक. यातला एकही आकडा पी. टी. उषाचा नाही. अवघड आहे ते हे सगळे आकडे एकाच दिवशी, एकाच पोटाच्या भरवशावर जुळवणं.

म्हणून माझा खरा कानमंत्र एकच आहे: त्या दिवशी अंगात जेवढा जोर वाटेल, त्याच्यापेक्षा हळू जायचं. हौशी माणूस या शर्यतीत पाय थकले म्हणून क्वचितच बाद होतो. त्याला बाद करतं पोट, नाहीतर ऊन, आणि दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा पहिल्या दोन तासांत केलेली घाई असते. बाकी जे काही सांगतो आहे, ते या एका गोष्टीची फोड आहे असं समज.

ही झाली अर्धी आयर्नमन. पूर्ण आयर्नमन याच्या दुप्पट: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल, ४२.२ धावणं, आणि बहुतेक ठिकाणी १७ तासांची मुदत. मिलिंद सोमण मूळचा राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू, तरी पन्नाशीला टेकलेला असताना २०१५ साली झुरिकला त्याला १५ तास १९ मिनिटं लागली. त्यात कमीपणा कसला? मुदत वापरायलाच दिलेली असते. पोलीस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी २०१७ मध्ये नोकरी सांभाळून फ्रान्समधली पूर्ण शर्यत संपवली. नाशिकची अभिनेत्री सैयामी खेर हिनं सप्टेंबर २०२४ मध्ये बर्लिनला अर्धी शर्यत पुरी केली. आपणही आत्ता अर्धीचंच बोलू. पूर्णचं नाव एक वर्षभर काढायचं नाही.

आधी कॅलेंडर बघ. गोव्याची ही शर्यत पहिल्यांदा ऑक्टोबर २०१९ मध्ये झाली आणि तेव्हापासून ती ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपासच होत आली आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला यात काही वाटणार नाही, पण आपल्याकडे तेच दिवस सोयाबीन काढणीचे. मळणीयंत्राचा नंबर लागला की घरातलं माणूस शेतात हवंच, मग ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण असो नाहीतर कोणी असो. त्यातच नवरात्र. नऊ दिवसांचा उपास आणि शर्यतीआधीचा सगळ्यात कसाचा सराव एकाच पंधरवड्यात येतो. आक्काशी, म्हणजे तुझ्या आईशी, आत्ताच बोल. उठता-बसता उपास की धरते-सोडते, ते घरात ठरव. देवीला कळतं, आक्काला समजवावं लागतं. आणि काही झालं तरी उपासाच्या दिवशी लांबची सायकल काढायची नाही. साबुदाण्यावर दीड तास निघतो, चार तास निघत नाहीत.

म्हणून आपला जड सराव आषाढ-श्रावणात उरकायला हवा. भर पावसात, हो. पेरण्या झाल्यात, शाळा साडेदहाची आहे, पहाटे पाच ते आठ वेळ तुझा. शनिवारी शाळा सकाळची, तेव्हा शनिवार विश्रांतीचा आणि रविवार लांब पल्ल्याचा. उन्हाळ्याच्या सुटीत वेळ मिळतो म्हणून मे महिन्यात दुपारी पळायला निघशील तर मी दारात आडवा होईन. त्रेचाळीस अंशात सराव होत नसतो, सलाईन लागते.

आता पाणी. तू विहिरीत पोहायला शिकलीस, पाठीला डबा बांधून. त्यामुळे पाण्याची भीती नाही, ही फार मोठी कमाई आहे. शहरातल्या कितीतरी धावपटूंचं घोडं इथंच अडतं. पण विहिरीतलं पोहणं म्हणजे डोकं वर काढून हात मारणं, आणि चार हात मारले की कड हाताशी. समुद्राला कड नाही. तुला नव्यानं शिकायचं आहे ते श्वास सोडणं. तोंड पाण्यात असतानाच नाकातोंडानं बुडबुडे काढत सगळा श्वास बाहेर टाकायचा, म्हणजे मान वळवली की नुसता आत घ्यायचा. बहुतेक नवशिके श्वास कोंडून ठेवतात, आणि शंभर मीटरवर धापा टाकतात. त्यांना वाटतं दम कमी पडला. दम असतो, जुनी हवाच बाहेर गेलेली नसते. मोठ्या सुट्यांत नांदेडला नाहीतर संभाजीनगरला मावशीकडे राहा आणि तरणतलावावर चांगल्या शिक्षकाकडून हे एकदा नीट करून घे. पंचवीस मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या. मोजताना चुकशील, चुकू दे.

फोनवरून वेळापत्रक देणारे प्रशिक्षक आता पुष्कळ मिळतात. पुण्याचे कौस्तुभ राडकर हे त्यातलं जुनं, जाणतं नाव. वेळापत्रक अशांकडून घ्यावं. पण कळमनुरीच्या विहिरीत तू काय करतेस ते पुण्याहून कोणाला दिसत नाही, तेव्हा ते माझ्याकडून ऐक.

विहिरीत लांब पोहता येत नाही, पण जागच्या जागी पोहता येतं. सायकलच्या जुन्या ट्यूबा एकीला एक जोडून लांब दोर करायचा, एक टोक पायरीच्या लोखंडी कडीला, दुसरं कमरेच्या पट्ट्याला. मग हात मारत राहायचं. रबर ओढून धरतं, तू तिथेच राहतेस आणि अर्धा तास सलग पोहणं होतं. काठावर पोहता येणारं माणूस हवंच. आणि त्याच्याही आधी मोटार. नुसती मोटार बंद करून भागत नाही. आपल्याकडे सगळ्या स्टार्टरना ऑटो बसवलेला असतो. थ्री फेज लाइट आली की मोटार आपली आपण चालू होते, आणि कुठे वायरचं कातडं निघालेलं असलं तर पाण्यात करंट उतरतो. ऑटो काढ, मेन खाली पाड, आणि फ्यूजचं किटकॅट उपसून घे. पेटीवर ठेवायचं नाही, गड्याकडे द्यायचं नाही. कोणी तरी शहाणा येतो, लाइट आहे आणि मोटार बंद का म्हणतो आणि परत बसवतो. पाण्यात उतरणाऱ्याच्या वस्तू काठावर ज्याच्याकडे असतील, त्याच्या खिशात ते किटकॅट असलं पाहिजे.

इसापूर धरण जवळ आहे, पाणी पसरलेलं आहे, मोह होणारच. तिथे एकटीनं उतरायचं नाही, हा विनंतीचा विषय नाही. पाटबंधारे खात्याला विचारल्याशिवाय नाही, आणि भोयांपैकी कोणी होडी घेऊन बाजूला असल्याशिवाय नाही. पैनगंगेचं ते पाणी वरून शांत दिसतं. खाली गाळ आहे, बुडालेल्या झाडांची खोडं आहेत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मासेमारीची जाळी आहेत. नायलॉनचं जाळं पायात गुंतलं की जितका पाय झाडाल तितकं आवळतं. कुठे जाळी टाकलीत हे भोयालाच ठाऊक असतं. कमरेला बांधायचा नारंगी फुगा मिळतो, तो घे. पोहताना मागे तरंगत येतो, लांबून दिसतो आणि दमलीस तर त्यावर हात टाकता येतो.

शर्यतीआधी एकदा तरी खारं पाणी चाखलेलं पाहिजे. डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात तिथल्या छोट्या अंतरात उतरून ये. लाट तोंडावर आपटल्यावर काय होतं, नाकातोंडात खारट गेल्यावर मळमळ कशी येते, उगवतीच्या उजेडात खुणेचा फुगा कसा दिसतच नाही, हे तिथे एकदा कळलं की मिरामारला धक्का बसत नाही. दर आठ-दहा हातांनी डोळे तेवढे पाण्याबाहेर काढून दिशा बघायची. आख्खं डोकं काढलं की पाय बुडतात. सुरुवातीला गर्दीच्या मागे, कडेला उभी राहा; दोन मिनिटं जातील, पण कोणाची लाथ चष्म्यावर बसणार नाही. आणि हे नीट लक्षात ठेव: छाती भरून आली, घाबरायला झालं, तर उताणी हो, हात वर कर, जीवरक्षकाच्या कयाकला धर. धरून श्वास घेतला तर नियम मोडत नाही; त्याच्या आधारानं पुढे सरकलीस तरच मोडतो. हे माहीत नसल्यानं चांगले चांगले लोक उगीच गटांगळ्या खात राहतात.

सायकल. तुझ्या मैत्रिणी तुला कार्बनच्या सायकली दाखवतील. बघ, हात लाव, परत ठेव. ताशी साडेबावीसला ॲल्युमिनियमची साधी रोड बाइक पुरते, वापरलेली मिळाली तर आणखी बरं. कर्ज काढून सायकल घ्यायची नाही. हळदीला भाव आला तरी नाही. सीटची उंची मात्र नीट लाव. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली की खालच्या टोकाला पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे सगळे सीट खाली ठेवून चालवतात, बाजारात जायला ठीक आहे, नव्वद किलोमीटरला गुडघे जातात.

रस्ता आपल्याला चांगला मिळाला आहे. अकोला-नांदेड महामार्गानं बाळापूर, वारंगा फाटा करून परत आलीस तरी एका रविवारचं काम होतं, आणि चढाची सवय हवी असेल तर औंढ्याच्या अंगाला डोंगर आहे. पण हा रस्ता सरळ असला तरी बिनधास्त नाही. कारखाने सुरू झाले की उसाच्या जोडट्रॉल्या, एकीलाही मागचा दिवा नाही. काढणीच्या दिवसांत लोक रस्त्यावरच सोयाबीन पसरतात. त्यावरून चाक गेलं की सायकल अंगाखालून निघून जाते. उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटारसायकली तर बारमाही. मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेव. कानात काही घालायचं नाही. शर्यतीतही चालत नाही, मग आत्तापासूनच सवय नको. आणि पोरींना रस्त्यावर जे ऐकावं लागतं ते तुलाही ऐकावं लागेल, त्यावर माझ्याकडे मंत्र नाही. शाळेतल्या दोघीतिघींना सोबत घे, अर्ध्यातून परतल्या तरी चालेल. नाहीतर मी मोटारसायकल घेऊन मागे असतो.

पंक्चर मात्र तुझं तुलाच काढता आलं पाहिजे. शर्यतीत बाहेरच्या कोणाची मदत चालत नाही. मी रस्त्याकडेला उभा असलो आणि पाण्याची बाटली पुढे केली तरी दंड तुला. आपल्याकडे वेडी बाभूळ उदंड आहे, सरावाला तोटा नाही. चाक काढ, पाना घालून टायरची एक कड रिमवरून उतरव, ट्यूब ओढून काढ. आता नवी ट्यूब भरायची घाई होते. थांब. आधी बोटाला रुमालाचा पदर गुंडाळ आणि टायरच्या आतून सगळीकडून हळूच फिरव. काटा तुटून टायरमध्येच राहिलेला असतो, बाहेरून दिसत नाही, आतून नखाएवढं टोक लागतं. ते चिमट्यानं ओढून काढल्याशिवाय नवी ट्यूब घातलीस तर दोन किलोमीटरवर तीही बसते. मग ट्यूबमध्ये फुंकर मारून थोडी गोल कर, आत बसव, आणि टायरची कड शेवटी अंगठ्यानं चढव. पान्यानं चढवलीस तर ट्यूब चिमटते. अशा सायकलीच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो, गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही. त्याला लागणारा पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे, एक सीटखालच्या पिशवीत आणि एक चावीच्या जुडग्यात ठेव. दोन ट्यूब, दोन पाने, हातपंप. एवढ्यावर तू कन्याकुमारीला जाशील.

लांब बसायची सवय लावायला ब्रेव्हे कर. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास, नंबर-बिंबर काही नाही, वेळेत आलं की झालं. या शर्यतीला हवा तोच स्वभाव तिथे घडतो.

आता पोट. सगळ्यात जास्त वेळ मी यावरच घेणार आहे, कारण लोक पायांचा सराव करतात आणि पोटाचा करत नाहीत. सायकलीवर पहिल्या अर्ध्या तासानंतर खायला सुरुवात, आणि मग दर वीस मिनिटांनी थोडं. भूक लागायची वाट बघायची नाही. भूक लागली तेव्हा उशीर झालेला असतो. तासाला साधारण साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी आणि वर बाटलीतलं गोड पाणी. आपल्याला केळी शोधायला लांब जायला नको, अर्धापूर वाटेवरच आहे. केळ्याचं देठाकडचं टोक आधीच मोडून ठेव, म्हणजे एका हातानं सोलता येतं. बी काढलेला खजूर चालतो. उकडलेल्या बटाट्याला मीठ लावून, फोडी करून पिशवीत ठेव. गोडाचा कंटाळा येतो तेव्हा तेच गोड लागतं. राजगिऱ्याचा लाडू सायकलीवर न्यायचा नाही, कोरड्या तोंडात भुगा होतो आणि ठसका लागतो. चिक्की दाताला चिकटते. जेलच्या पुड्या महाग आहेत, पण दोन-तीन ठेव, आणि कुठलीही गोष्ट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा खायची नाही. सरावातल्या प्रत्येक लांब रविवारी तेच खायचं जे मिरामारला खाणार आहेस.

आदल्या रात्री भाकरी, ठेचा, मटकीची उसळ नाही. मला माहीत आहे तुला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. एक दिवस वरण-भात खा. भाकरी पोटाला चांगलीच, पण तिचा चोथा दुसऱ्या दिवशी आठ तास सोबत कशाला न्यायचा? गोव्यात जाऊन मासे खायचे असतील तर शर्यत झाल्यावर.

पाण्याचं दोन्ही बाजूंनी जपायचं: कमीही नको, जास्तही नको. १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमन झाली, पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी संपवली. सायकल संपली तेव्हा जॉन डनबार सगळ्यांच्या पुढे होता. धावताना त्याच्या साथीदारांजवळचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. तो झोकांड्या खात दुसरा आला; पहिला आला टॅक्सी चालवणारा गॉर्डन हॅलर. आता उलटी बाजू: तहान असो नसो, नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, बोटं सुजतात, माणूस बरळायला लागतो, आणि जिवावर बेतू शकतं. लोक त्याला तहान समजून आणखी पाणी पाजतात. म्हणून बाटलीत मीठ हवं. औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात. नाहीतर घरी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं, वर लिंबू पिळून. चमचा सपाट म्हणजे सपाटच, शीग लावायची नाही.

अंगदुखीच्या गोळ्यांबद्दल एकदाच सांगतो. आपल्याकडे हळद काढायला जाताना बायका त्या फुटाण्यासारख्या खातात. घामानं अंग कोरडं पडलेलं असताना ती गोळी मूत्रपिंडावर जाते. शर्यतीत नाही, लांबच्या सरावात नाही.

तुला वाटत असेल, मराठवाड्यातलं माणूस, ऊन आपल्याला काय करणार. इथलं ऊन कोरडं. घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग गार करतो. गोव्यात हवेतच पाणी असतं. घाम येतो आणि नुसता टपकत राहतो, गारवा मिळत नाही. तापमापक बत्तीस दाखवतो आणि अंग बेचाळीससारखं तापतं. आपल्याकडच्या लोकांना हे पहिल्यांदा कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. दोन-तीन दिवस आधी जाऊन पोच, दमट हवेत सकाळ-संध्याकाळ थोडं चाल. शर्यतीत पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी आधी डोक्यावर ओत, मग पी; बर्फ मिळाला तर टोपीखाली घाल. भर उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं, तर तो उष्माघाताचा निरोप आहे. थांबायचं, सावलीत बसायचं, माणसाला हाक मारायची. छातीत दुखलं तर तिथेच संपलं, मग रेषा शंभर मीटरवर का असेना.

धावण्याचं थोडक्यात. सायकलीवरून उतरल्यावर पहिले दोन किलोमीटर पाय आपले नसतातच. म्हणून सरावातही सायकलवरून उतरलं की लगेच वीस मिनिटं पळ, आठवड्यातून एकदा तरी. शर्यतीत प्रत्येक टेबलापाशी चालायचं, ठरवून, पहिल्यापासून. शेवटी नाइलाजानं चालण्यापेक्षा ते बरं. बूट अर्धा नंबर मोठा. नखं चार दिवस आधी काप. घासतं तिथे व्हॅसलिन चोळ, आणि घासतं कुठे कुठे ते मामाला सांगायची गरज नाही, पंढरीच्या वाटेवर चालून आलेल्या तुझ्या आजीला विचार, तिला पाय सांभाळायची सगळी युक्ती माहीत आहे.

नियम दोन-तीनच पाठ कर. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही, आणि सायकल परत टांगल्याशिवाय तो सोडायचा नाही. पुढच्या सायकलीपासून बारा मीटर मागे, नाहीतर दिरंगाई न करता पुढे. हे अंगणात पंधरा-वीस वेळा करून बघ: चप्पल काढून ओल्या पायानं ये, हेल्मेट, पट्टा, चष्मा, बूट, सायकल. शेजारी हसतील. हसू दे. आणि त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाच, नियम बदलत असतात आणि मामाचं ज्ञान जुनं होत असतं.

सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून नेताना चाकं, पेडल आणि गिअरचा मागचा काटा काढून फोममध्ये गुंडाळ. डिकीतल्या माणसाला शंभर रुपये दे आणि वर दुसऱ्याचं सामान टाकू नको म्हणून सांग. तो टाकेल, पण हळू टाकेल.

आता उद्यापासून काय, ते ऐक. प्रवेशशुल्क भरायच्या आधी, सायकल बघायच्या आधी, सोमवारी शाळा सुटल्यावर रक्त तपासून ये. आपल्याकडच्या पोरींचं हिमोग्लोबिन किती उतरलेलं असतं आणि त्या ते अंगावर काढत किती वर्षं काम करत राहतात, हे मी घरातच पाहिलं आहे. थायरॉइड आणि साखरही बघून घे. आक्काच्या माहेरी हृदयविकार आहे, म्हणजे आपल्याच घराण्यात, तेव्हा एक ईसीजी काढ आणि डॉक्टरला स्पष्ट सांग की आठ तासांचा खेळ आहे. हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी निघालं तर डॉक्टर म्हणतील तितके दिवस औषध घ्यायचं आणि सराव चालण्यापुरताच ठेवायचा, मग गोवा पुढच्या वर्षी. रिपोर्ट मला आणून दाखव. सायकलीचं त्यानंतर बघू.